उसना पंखा आणि त्याचे वाचक

हैदराबादला जायचं कारण एक कथा होती. मिरजेच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते, तिथल्या पदवीच्या मुलांसाठी आम्ही दोघीतिघी मिळून समीक्षेचं एक पुस्तक तयार करत होतो. साहित्याकडे बघायच्या निरनिराळ्या दृष्टी मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. म्हणून या वेळी एकच छोटी कथा घ्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या बाजूने वाचून दाखवायची असं ठरवलं. कथा मला जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडली. ‘उसना पंखा’. लेखिका हैदराबादच्या, नाव कमल. त्यांनी आयुष्यात चारदोन कथाच लिहिल्या आणि आता त्या हयात नाहीत.

कथा अडीच पानांची आहे. भाड्याच्या दोन खोल्या, उन्हाळा, तापाने फणफणलेली एक तरुण बाई. शेजारीण आपला टेबल फॅन उचलून आणते, स्टुलावर ठेवून लावून देते. बाईला कितीतरी दिवसांनी झोप लागते. संध्याकाळी नवरा येतो, पंख्याकडे बघतो, पिन काढतो आणि पंखा उचलून शेजारी परत नेऊन ठेवतो. एक शब्द बोलत नाही. शेवटी बाई जमिनीवर पडली आहे. कथेची शेवटची दोन वाक्यं अशी: ‘भिंतीपलीकडे पंखा फिरत होता. तिने भिंतीला पाठ लावली.’

छापायची परवानगी घ्यायला मी त्यांच्या यजमानांना, माणिकरावांना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या कथेतला नवरा मी आहे. ती पोरांना शिकवायची नाही.” फोन ठेवला. दुसऱ्यांदा केला तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा करण्याऐवजी मी तिकीट काढलं.

नारायणगुडा

माझी कॉलेजातली मैत्रीण पुष्पा लग्नानंतर हैदराबादला आली ती इथलीच झाली. नारायणगुड्यात तिचं घर आहे आणि माणिकराव तिथून दोन गल्ल्या पुढे राहतात, हे मला ती सांगेपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी पोचले तर तिने पेसरट्टू केला होता. हिरव्या मुगाचा डोसा आणि त्याच्या पोटात चक्क उपमा. आमच्याकडे उपमा केला की तोच नाश्ता असतो. इथे तो सारण होऊन आत जातो. दुपारच्या जेवणात लालसर, आंबट लोणचं होतं. “गोंगुरा,” पुष्पा म्हणाली. खाल्ल्यावर कळलं की ही आपली अंबाडी. आम्ही तिची डाळ-कण्या घालून भाजी करतो आणि वर लसणाचं तेल ओततो. इथे ती तेलात मुरवून बरणीत ठेवतात.

संध्याकाळी माणिकरावांकडे गेले. ते मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी शिक्षणासाठी इकडे आले ते इथेच राहिले, वीज खात्यातून निवृत्त झाले. उंच, ताठ, पांढरा सदरा. मला त्यांनी आदराने बसवलं, चहा आणि उस्मानिया बिस्किटं पुढे केली. बिस्किटं खारट की गोड हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

“परवाच छापून आली ती कथा,” ते म्हणाले. मी चमकले. मग लक्षात आलं की इथल्या बोलण्यात ‘परसों’ म्हणजे मागे होऊन गेलेला कुठलाही दिवस, आणि तो त्यांच्या मराठीतही उतरला आहे. कथा छापून येऊन पस्तीसएक वर्षं झाली असावीत.

मी त्यांना आमचं पुस्तक समजावून सांगितलं. एक पद्धत म्हणते, लेखक विसरा, फक्त शब्द बघा, रचना बघा. दुसरी लेखकाच्या आयुष्यात अर्थ शोधते. तिसरी विचारते की या घरात निर्णय कोण घेतं, पुरुष की बाई. चौथी पैसा आणि वर्ग बघते. कुणी मनाच्या तळाशी जातं, कुणी म्हणतं अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. आम्ही कथेला यातून नेणार, तुमच्याबद्दल एक शब्द लिहिणार नाही.

ते म्हणाले, “कुठूनही आत शिरा. नवरा मीच.”

नवरा कठोर ठरेल याचं त्यांना वाईट वाटतंय, असं मी समजले. तसं असेल तर माझ्याकडे उत्तर होतं. कथेत नवऱ्याला दोष दिलेला नाही, निवेदन कुठेही त्याच्यावर रागावत नाही, हे मी त्यांना दाखवायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. “नक्को मॅडम. चहा घ्या.”

अफझलगंज

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा विभाग आहे असं पुष्पा म्हणाली होती. माझ्याकडच्या अंकाची एक कड उंदराने खाल्लेली, म्हणून दुसरी प्रत मिळते का बघायला गेले. रिक्षावाल्याने मला मुसी नदीच्या पुलाअलीकडे सोडलं. तिथून मसाल्याच्या ठोक दुकानांमधून वाट काढत जाताना मिरच्यांच्या खकाण्याने इतक्या शिंका आल्या की एका दुकानदाराने मला आपणहून स्टूल दिलं आणि पाण्याची बाटली दिली. इतक्या शिंकांची त्याला सवय असावी.

इमारत भव्य, आत गार. मराठीची कपाटं एका बाजूला, वाचणारं कुणी नाही. अंक मिळाला. माझ्या प्रतीतल्या खाल्लेल्या जागी इथे एक रेखाचित्र होतं. चित्रकाराने शेजारीण काढली होती: नऊवारी, अंबाडा, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ. कथेत तिचं वर्णन एका शब्दानेही नाही. तिला नावसुद्धा नाही, ती फक्त ‘शेजारीण’ आहे. मला मौज वाटली. चित्रकार हाही एक वाचकच, त्याने आपल्या ओळखीची शेजारीण तिथे आणून बसवली. वाचकाच्या प्रतिसादावरच्या प्रकरणाला हे छान उदाहरण होईल म्हणून मी फोनने फोटो काढून घेतला.

पुन्हा नारायणगुडा

पुष्पाच्या घरी महिन्यातून एकदा सातआठ मराठी माणसं जमून काहीतरी वाचतात. मी येणार म्हणून तिने ‘उसना पंखा’ सगळ्यांना आधीच मोबाइलवर पाठवली होती. त्याच संध्याकाळी ती बैठक होती. माणिकरावांनाही बोलावलं होतं. ते आले नाहीत.

मुलांवर जो प्रयोग करायचा तो मोठ्यांवर करून बघावा असं मला वाटलं होतं, आणि सुरुवात फारच चांगली झाली. एका निवृत्त इंजिनिअरांनी विजेच्या बिलापासून सुरुवात केली. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की पंखा कुणाच्या खोलीत फिरला यावरून भांडणं व्हायची. नवरा कंजूष नाही, घाबरलेला आहे. त्यांच्या पत्नीने लगेच सांगितलं की घाबरलेला असो की नसो, तापात पडलेल्या बाईला त्याने विचारलं का? मी मधूनमधून सांगत होते की ही अमुक दृष्टी, ही तमुक दृष्टी. स्वतःचं वाचनही मांडलं. कथेत आधी पंख्याचा वारा आहे आणि शेवटी फक्त आवाज; बाईला मिळालेली गोष्ट स्पर्शातून श्रवणात ढकलली जाते, आणि नवऱ्याचं मौन मधोमध उभं आहे. लोक मान डोलावत होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुनंदा नावाच्या बाई बसल्या होत्या. विमा कंपनीत अधिकारी, पन्नाशीच्या आसपास. दिलसुखनगरला राहतात. वाचनाला नियमित येतात पण बोलतात कमी, असं पुष्पाने नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, “शेजारणीला नाव का नाही?”

हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात, माझं उत्तर तयार होतं. नाव नसल्यामुळे ती कुणीही होऊ शकते, लेखिकेने तिला व्यक्ती न ठेवता एक कृती केलं आहे, वगैरे. त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

“तिला नाव आहे,” त्या म्हणाल्या. “वत्सला. माझी आई आहे ती.”

 मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता. वडील रेल्वेत होते. परभणीकडून आलेलं बौद्ध कुटुंब. नारायणगुड्यातच एका मालकाच्या घरात त्यांच्या दोन खोल्या आणि शेजारी माणिकरावांच्या दोन खोल्या, मध्ये एक भिंत. सुनंदा तेव्हा शाळेत होत्या. पंखा नवा होता, वडिलांनी त्याच उन्हाळ्यात घेतलेला. आईने तो उचलून नेला तेव्हा त्या वायर हातात धरून मागे गेल्या होत्या. संध्याकाळी पंखा परत आला.

“दारात ठेवून गेले. हाकसुद्धा मारली नाही. आम्ही दार उघडलं तर पंखा.” त्या म्हणाल्या. “कारण आम्हाला विचारावं लागलं नाही. तुमच्या यादीत ते कुठे येतं, मॅडम?”

येतं, मी म्हणाले. आमच्या पुस्तकात त्या दृष्टीवर प्रकरण आहे. पण या कथेला ते लावायचं मला सुचलं नव्हतं, कारण कथेत जातीचा उल्लेखच नाही. हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या की उल्लेख नाही म्हणूनच त्यांनी विचारलं.

मला रेखाचित्रातली नथ आठवली. सकाळी मौज वाटली होती, आता वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी माणिकरावांकडे गेले आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.  मग ते बोलले. त्यांची आई तेव्हा गावाहून आलेली होती. ती आतल्या खोलीत होती, तिने पंखा कुणाचा हे विचारलं आणि जेवायला उठेना. ते कामावरून आले ते या प्रसंगात. त्यांनी कमलताईंना काही विचारलं नाही, आईला काही सांगितलं नाही, पंखा उचलला.

“कमलनं कथेत माझी आई आणली नाही, मी पंखा का परत नेला तेही लिहिलं नाही. माझी लाज राखली तिनं, असं मी समजत आलो. आता तुम्ही शंभर पोरांसमोर ती कथा ठेवणार आणि विचारणार, नवऱ्यानं असं का केलं. कुणीतरी ओळखणारच.”

म्हणजे नकाराचं कारण मी समजले होते ते नव्हतंच. कठोर नवरा म्हणवून घ्यायची त्यांची तयारी होती. ते घाबरत होते पुढच्या प्रश्नाला.

लाज राखली, हेही त्यांचं वाचनच, असं माझ्या मनात आलं. कमलताईंना ते लिहायचं धाडस झालं नसेल, किंवा त्यांना तो मुद्दा दिसलाच नसेल, किंवा दिसूनही त्यांना आपल्या तापाची गोष्ट सांगायची असेल. विचारायला त्या नाहीत. वर्गात मी सांगते की लेखकाला काय म्हणायचं होतं याच्या मागे लागू नका. त्या खोलीत, त्यांच्या फोटोखाली बसून, ते वाक्य मला म्हणवेना.

निघताना त्यांनी विचारलं, “वत्सलाबाई आहेत अजून?”

आहेत, मी म्हणाले.

“मला भेटवाल?”

ते माझ्या हातात नव्हतं. मी सुनंदाताईंना फोन केला. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आईला कथा छापून आलेली माहीतच नाही, तिला आधी सगळं सांगते, ती म्हणाली तरच, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी निरोप आला की या. माणिकरावांनाही आणा.

दिलसुखनगर

नारायणगुड्याहून मेट्रोने निघालो. मध्ये गाडी बदलावी लागते. तिथे खाली मुसी दिसते, उन्हाळ्यात जेमतेम ओली. माणिकराव मेट्रोत पहिल्यांदाच बसत होते. सरकत्या जिन्यापाशी ते थांबले आणि साध्या जिन्याने चढून आले, सावकाश, कठड्याला धरून. दिलसुखनगरला उतरलो तर सगळीकडे क्लासच्या पाट्या आणि त्यांच्याखाली पाठीवर दप्तरं घेतलेली मुलंमुली, बजीच्या गाड्याभोवती. आमच्याकडची मिरची भजी बोटाएवढी. इथली वीतभर, पोट फोडून आत कांदा भरलेली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी पावशेर बांधून घेतली.

वत्सलाबाई सुनंदाताईंच्याकडेच राहतात. नाजूक, पांढरे आखूड केस, दोन्ही डोळ्यांची नजर बरीच गेलेली. त्या भिंतीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. सुनंदाताईंची मुलगी तेलुगू आणि इंग्रजीत शिकलेली; मराठी तिला बोलता येतं, वाचायचं म्हटलं की अडखळते, त्यामुळे आजीला वाचून दाखवणारं घरात सुनंदाताईंशिवाय कुणी नाही.

माणिकरावांनी नमस्कार केला. वत्सलाबाईंनी “बसा” म्हटलं. कमल कशानं गेली ते विचारलं. माणिकरावांनी सांगितलं. मग ते त्या संध्याकाळबद्दल बोलायला लागले, तर वत्सलाबाईंनी अडवलं. “आधी वाचा. तिनं काय लिव्हलंय ते ऐकू द्या.”

वाचायला मी कागद काढले होते. माणिकरावांनी ते माझ्या हातातून घेतले. मी ही कथा एवढ्या वेळा वाचली आहे, वर्गात, बैठकीत, मनात. पण ती मला पहिल्यांदा ऐकू आली ती तेव्हा. ते सपाट वाचत होते, वीज खात्यातला अहवाल वाचावा तसे. नवरा पिन काढतो त्या वाक्याशी अडकले, ते वाक्य पुन्हा वाचून पुढे गेले. ‘भिंतीपलीकडे पंखा फिरत होता. तिने भिंतीला पाठ लावली.’ त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवले.

“पंखा लावला नव्हता,” वत्सलाबाई म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. पंखा दारातून आत घेतला आणि कोपऱ्यात ठेवला. पलीकडे ती तापात पडलेली, आणि आपण वारा कसा घ्यायचा, म्हणून त्या रात्री तो लावलाच नाही. सुनंदा रडली, तिच्या वडिलांनी पुठ्ठ्याने वारा घातला. सुनंदाताई आईकडे बघत राहिल्या. हे त्यांना आठवत नव्हतं.

“पण आवाज येत होता,” माणिकराव म्हणाले. “मी जागा होतो. मी ऐकलाय.”

“कथेत ऐकलाय तुमी.”

 माणिकराव हळू म्हणाले, “मग इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?”

याचं उत्तर माझ्या विषयातलं होतं, निदान त्याचा एक तुकडा. कथेला शेवटी तो आवाज हवा होता म्हणून कमलताईंनी तो घातला, किंवा तापात त्यांना खरंच ऐकू आला. त्यांनी लिहिला आणि तो इतका पक्का लिहिला की त्याच खोलीत जागत पडलेल्या माणसाच्या आठवणीत जाऊन बसला. पण मी बोलले नाही.

माणिकरावांनी मग आपलं सांगितलं. आई आलेली, जेवायला उठेना, माझा इलाज नव्हता. वत्सलाबाईंनी सगळं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, पण सहजपणाही नव्हता.

“तुमची आई गावी कधी गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली. पंधराएक दिवसांनी.”

“उन्हाळा तर लई राहिला होता तवा.”

माणिकरावांनी गुडघ्यावरच्या कागदांची घडी घातली.  सुनंदाताई उठून आत गेल्या आणि चहा ठेवला. थोड्या वेळाने वत्सलाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की कमल चांगली होती, पण ती बरी झाल्यावर भिंतीपलीकडून तिनंही कधी पंख्याचं नाव काढलं नाही. जिन्यात भेटली की साडीबद्दल बोलायची.

चहा, भजी झाल्यावर छापण्याचा विषय निघाला. माणिकराव म्हणाले, आता छापा, माझी हरकत नाही, खाली तळटीप द्या आणि खरं कारण लिहा. सुनंदाताईंनाही टीप हवी होती, आईच्या नावासकट. मला टीप नको होती. टीप दिली की मुलं टीप पाठ करतील, कथेतली रिकामी जागा शोधणार नाहीत. आमचं तिघांचं यावर चांगलंच वाजलं. सुनंदाताईंनी मला विचारलं की तुम्हालासुद्धा ती जागा सापडली नव्हती, मग मुलांना कशी सापडेल? त्यांचं बरोबर होतं. पण सुबक टिपेने ती जागा बुजेल, हे माझंही मला चुकीचं वाटत नव्हतं.

वत्सलाबाई म्हणाल्या, “कथा कमलची हाय. तिनं लिव्हलं तेवढंच छापा. बाकीचं ह्यांनी लिवावं.” आणि हात माणिकरावांच्या दिशेने केला.

माणिकराव म्हणाले की मला लिहिता येत नाही.

“तिला तरी कुठं येत होतं,” वत्सलाबाई म्हणाल्या.

 परत येताना नारायणगुड्याला उतरल्यावर माणिकरावांनी मला विचारलं, पुस्तकाला किती वेळ आहे. मी म्हटलं, आहे थोडा.

मी मिरजेला आले, कामाला लागले. कथेच्या प्रकरणातलं माझं वाचन मी काढून टाकलं नाही. स्पर्श आणि श्रवणाचा मुद्दा अजूनही मला खरा वाटतो. त्याच्यापुढे सुनंदाताईंचा प्रश्न घातला, त्यांच्या नावाने. रेखाचित्रही घेतलं आणि त्याखाली मुलांना विचारलं की चित्रकाराला ही बाई कुठून मिळाली. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकीला हे सगळं विषयाबाहेरचं वाटलं. आम्ही दोन बैठका त्यावर घालवल्या.

माणिकरावांचं टपाल उन्हाळा संपताना आलं. शाईने लिहिलेलं एक पान, खाडाखोड बरीच. वरती त्यांचं पूर्ण नाव, मग पत्ता, मग सरळ सुरुवात. त्यात वत्सलाबाईंचं नाव आहे, त्यांच्या यजमानांचं आहे, सुनंदाचं आहे. आईबद्दल त्यांनी चार ओळी लिहून खोडल्या होत्या. खोडलेल्या ओळींखालचं मला वाचता येत होतं, त्यात आई कशी जुन्या वळणाची होती वगैरे होतं. ते त्यांनीच काढलं म्हणून मीही सोडलं. शुद्धलेखन तेवढं तपासलं आणि ‘उसना पंखा’ संपते तिथून पुढच्या पानावर ते छापलं. पान असं संपतं:

‘आई पंधरा दिवसांनी गावी गेली. उन्हाळा शिल्लक होता. पंखा भिंतीपलीकडेच होता. मी मागायला गेलो नाही.’